गच्चीच्या गळतीचा माग

पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात ६५ हजार लिटरहून अधिक पाणी उतरते. दहा हजार लिटरचे सहा टँकर वर नेऊन ओतावेत तेवढे. ताम्हिणी घाटाच्या मानाने हा पाऊस किरकोळच. तरीही जुलै उजाडला की कोथरूडपासून हडपसरपर्यंत शेवटच्या मजल्यावरच्या घरांत छताला पिवळट कडांचे डाग उमटतात आणि सोसायटीच्या सभेत वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो. तो बहुधा ‘कोणते केमिकल मारायचे’ या प्रश्नाने सुरू होतो. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटचा आहे; आधी पाणी कुठून शिरते आणि गच्चीवर कुठे थांबते, हे पाहायला हवे.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांची मंगळुरी कौले आठवून पाहावीत. दोन कौलांमध्ये फटी असतात, कौल स्वतः भाजलेल्या मातीचे आणि सच्छिद्र असते, आणि तरीही एखादे कौल फुटले वा सरकले नसेल तर घर कोरडे राहते, कारण तीव्र उतारामुळे पाण्याला थांबायला वेळच मिळत नाही. सपाट गच्चीवर हाच फायदा आपण हातचा घालवतो. सिमेंट काँक्रीट दगडासारखे घट्ट दिसत असले तरी ते तसे नसते. सिमेंटच्या रासायनिक प्रक्रियेला लागते त्याहून जास्त पाणी मिश्रण हाताळता यावे म्हणून घातलेले असते, आणि हे जादा पाणी पुढे उडून गेले की मागे केसाहून बारीक नलिकांचे जाळे उरते. या नलिका केशाकर्षणाने पाणी ओढून घेतात. म्हणून पाणी अडवण्याचे काम स्लॅबने एकट्याने करायचे नसते. आपल्याकडे ते विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो. कोब्यामुळे उन्हाची धग काहीशी कमी होते आणि गच्चीला उतार मिळतो. हा उतार दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर असायला हवा. पाऊस थांबल्यानंतर तासाभराने गच्चीवर जाऊन कुठे डबकी उरली आहेत ते खडूने आखून ठेवले, तर निम्मे निदान फुकटात होते.

उरलेले निदान अवघड असते, कारण डाग पडतो तिथेच वर पाणी शिरलेले असते, असे नाही. कोब्याच्या एखाद्या भेगेतून आत गेलेले पाणी कोबा आणि स्लॅब यांच्यामधून आडवे पसरत जाते आणि स्लॅबमध्ये पहिली कच्ची जागा सापडेल तिथे खाली उतरते. ती जागा अनेकदा स्लॅबमध्ये गाडलेला विजेचा पाइप असतो, आणि म्हणून पाणी नेमके पंख्यापाशी टपकते. पंख्याच्या बरोबर वर कोबा फोडणारे गवंडी मी पाहिले आहेत; खरी भेग त्यांच्यापासून चार मीटरवर, कठड्याच्या कोपऱ्यात होती. दुसरी खूण ऋतूची. ओल एप्रिलमध्येही तशीच असेल, तर तो पावसाचा दोष नव्हे. वरची टाकी, तिचा ओव्हरफ्लो किंवा नळाची लाइन तपासावी. पाऊस सुरू होताच टपकू लागत असेल तर वाट जवळची आणि मोठी असते, दोन दिवसांनी टपकत असेल तर लांबची आणि बारीक. खात्री करायची असेल तर गच्चीचे भाग पाडून, गवंडी घालतात तसे मसाल्याचे आळे घालून, एका वेळी एकाच भागात ५ सेंटिमीटर पाणी ४८ तास साठवून ठेवावे. एवढ्या पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ५० किलो होते, त्यामुळे ज्या स्लॅबचे पोपडे सुटून सळया उघड्या पडल्या आहेत त्यावर हा प्रयोग अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये.

कठड्याच्या कोपऱ्यातच भेग का पडते, याचे उत्तर उन्हात आहे. एप्रिलच्या दुपारी गडद रंगाच्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचू शकतो आणि वळवाची एक सर आली की तो काही मिनिटांत झपाट्याने निवतो. एका अंशाच्या फरकाने काँक्रीट आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश भागाने वाढते किंवा आकसते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १० मीटर लांबी आणि ४० अंशांचा फरक धरला तर तो ४ मिलिमीटर होतो. वरचा कोबा असा रोज ताणला आणि आवळला जात असताना कठड्याची भिंत मात्र वेगळ्या दिशेने आणि वेगळ्या गतीने तापते. दोघांच्या सांध्यावर ओढाताण होते आणि तिथला गिलावा टिचतो. म्हणूनच गवंडी या कोनात मसाल्याची गोलाई देतात, जिला ते ‘वाटा’ म्हणतात. ती काटकोनात पाणी साचू देत नाही आणि वरचा थर भिंतीवर सलग चढवता येतो. सोलर हीटरचे पाय आणि डिशचे खिळे कोब्यात ठोकताना कोणी याचा विचार करत नाही, हा भाग वेगळा.

गळतीचा खरा धोका डागात नसून सळईत आहे. ताज्या काँक्रीटमधला चुना सळईभोवती तीव्र अल्कधर्मी वातावरण ठेवतो. त्याचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो आणि तेवढ्या सामूला लोखंडावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र नलिकांमधून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनवतो, आणि सामू नऊच्या खाली आला की पापुद्रा नाहीसा होतो. ही प्रक्रिया काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकते: पहिल्या १० वर्षांत ती १० मिलिमीटर गेली, तर २० मिलिमीटर जायला ४० वर्षे लागतात. स्लॅबमध्ये सळईखालचे आवरण साधारण २० मिलिमीटरच असते. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर वसलेल्या वसाहतींतल्या ज्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांच्या छतांचे पोपडे का सुटतात याचा उलगडा या साध्या गणितात होतो.

यातली खोच अशी की कोरड्या खोलीतल्या स्लॅबची सळई पापुद्रा गेल्यावरही सहसा गंजत नाही, कारण गंजायला पाणी लागते. ते पाणी गळती आणून देते. गंज लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो आणि खालच्या काँक्रीटची खपली ढकलून पाडतो. हातोडीने हलके ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर खपली आतून सुटली आहे असे समजावे. तिच्यावर पुट्टी लावणे किंवा पीओपीचे छत बांधणे म्हणजे आजार झाकणे होय. योग्य दुरुस्तीत सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढतात, गंज घासून सळईवर संरक्षक लेप देतात आणि मग पॉलिमरयुक्त मसाला भरतात. तरीही नव्या मसाल्याच्या कडेला, जुन्या काँक्रीटमधल्या सळईचा गंज अधिक वेगाने वाढू शकतो, कारण ठिगळातली आणि बाहेरची सळई मिळून एक विद्युतघट तयार होतो. सळईची जाडी बरीच घटली असेल किंवा स्लॅब झोल खात असेल, तर टेकू देऊन तेवढा भाग नव्याने ओतणे हाच मार्ग उरतो. तो निर्णय ठेकेदाराचा नव्हे, स्ट्रक्चरल अभियंत्याचा असावा.

माझा सर्वांत मोठा आक्षेप जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकण्याला आहे. राडारोडा उतरवण्याचा खर्च वाचतो म्हणून हे सर्रास होते. १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरते, तर वावर असलेल्या गच्चीवर माणसे आणि सामान मिळून सुमारे १५० किलोचा चल भार धरायचा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे थकलेल्या स्लॅबवर आपण कायमची एक गर्दी उभी करून ठेवतो. शिवाय जुन्या थरातले पाणी दोन कोब्यांमध्ये कोंडले जाते आणि भर उन्हाळ्यातही झिरपत राहते.

लेपांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ॲक्रिलिकचे लेप स्वस्त असतात, पण सतत साचलेल्या पाण्याखाली टिकत नाहीत. पॉलियुरेथेन अधिक ताणले जाते आणि महाग असते. डांबरी मेंब्रेनला, म्हणजे चिकटवायच्या डांबरी चादरीला, उन्हापासून झाकण लागते. ओल्या पृष्ठभागावर मारलेला बहुतेक कोणताही लेप फुगे धरतो. गच्चीवर पत्र्याची शेड हा लोकप्रिय उपाय आहे. त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, आणि अडचण पावसापेक्षा वाऱ्याची अधिक असते. पुण्यासाठी मानकाने धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, आणि त्यातून दर चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास दाब निघतो, जो पत्रा वर उचलायला पाहतो. बोल्ट पत्र्याच्या नळीच्या माथ्यावर, रबरी वॉशरसह हवेत. खोलगट भागात मारलेला बोल्ट गळणारच.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते, एकट्या वरच्या मजल्यावरच्या सभासदाच्या नव्हे. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी सांगितलेले आहे.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणे उत्तम, कारण नव्या कोब्यावर आळे घालून किमान सात ते दहा दिवस पाणी ठेवावे लागते आणि मे महिन्याच्या उन्हात ते पाणी टिकवणे कठीण जाते. लेप सुकल्यानंतर तीच ४८ तासांची पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि करारात शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच द्यायचा असे आधी लिहून घ्यावे. एप्रिलमध्ये खालचे छत कोरडे ठणठणीत असते. त्या वेळी उमटलेल्या ओलीचे खापर ठेकेदाराला पावसावर फोडता येत नाही.