शीघ्र तंत्रज्ञानविजय

ऐतिहासिक पार्श्वभूमीवर राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळांत, शत्रूची राजधानी न जिंकता, ज्ञानार्जनाच्या वाटेने इतरांच्या आधी अंतराळयान सिद्ध करून डाव संपविण्याची पद्धती. ग्रामीण विदर्भातील खेळाडूंच्या बोलण्यात ती ‘सायन्स विक्टरी’ याच नावाने येते. सिड मायर व ब्रूस शेली यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळात यान अल्फा सेंटॉरीला पोहोचणे आवश्यक होते आणि यान वाटेत असताना स्वतःची राजधानी शत्रूच्या हाती पडली तर यानही गमवावे लागे.

या पद्धतीचा कणा असलेल्या ‘तंत्रवृक्षा’च्या, म्हणजे एक विद्या मिळाल्यावरच पुढची खुली होते अशा विद्यांच्या मांडणीच्या, उगमाविषयी एकमत नाही. फ्रान्सिस ट्रेशम यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ (१९८०) या ब्रिटिश पटखेळात एक विद्या हाती आली की तिच्या संबंधातील दुसरी स्वस्त पडे. त्याची अमेरिकी आवृत्ती काढणाऱ्या ॲव्हलॉन हिल या संस्थेत शेली यांनी पूर्वी काम केले होते, हा दुवा काही अभ्यासक निर्णायक मानतात. इतर अभ्यासक ‘एम्पायर’ आणि ‘सिमसिटी’ (१९८९) या संगणकीय खेळांच्या प्रभावाकडे बोट दाखवितात. विद्या साठवत जाण्याची कल्पना पटावरून आली असावी, परंतु मानवी इतिहासाला व्यापणारी पूर्वअटींची सलग साखळी ही १९९१ ची कामगिरी मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ही साखळी म्हणजे इतिहास नव्हे, हे विदर्भातील पुराव्यावरूनही ध्यानात येते. वृक्षात कांस्यकामानंतर लोहकाम येते. नागपूर जिल्ह्यातील माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत मात्र तांब्याचे अश्वालंकार व लोखंडी वस्तू एकत्र मिळतात, आणि त्याच जिल्ह्यातील नैकुंड येथे सापडलेली लोखंड गाळण्याची भट्टी साधारणतः इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील मानली जाते.

डावपेचांची चर्चा प्रामुख्याने ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) या आवृत्तीभोवती झाली आहे. तिच्यात ग्रंथालय दर दोन नागरिकांमागे एक विज्ञानगुण देते. म्हणजे चार वस्तीच्या नगरात दोन, तर दहाच्या नगरात पाच. यामुळे नदीकाठची शेते आणि धान्य ग्रंथालयाइतकेच महत्त्वाचे ठरतात, आणि नवशिके नेमके येथेच चुकतात. विज्ञान वाढविणारी ‘राष्ट्रीय महाविद्यालय’ ही वास्तू उभारण्यासाठी प्रत्येक नगरात ग्रंथालय लागते, म्हणून घाईने वसविलेले पाचवे नगर ते लांबविते. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (२०१३) या विस्तारात, मध्यम आकाराच्या नकाशावर, प्रत्येक वाढीव नगरामागे संशोधनाचा खर्च पाच टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे मोजकी पण दाट वस्तीची नगरे बरी, हे मत प्रबळ झाले. ‘थोर वैज्ञानिक’ हे खेळातील विशेष पात्र खर्ची घातल्यास सर्वसाधारण वेगाच्या डावात मागील आठ पाळ्यांइतके विज्ञान एकदम मिळते. म्हणून मुरलेले खेळाडू प्रयोगशाळा उभ्या राहून आठ पाळ्या होईपर्यंत त्याला राखून ठेवतात.

अखेरचा टप्पा विज्ञानापेक्षा उत्पादनाचा असतो. खेळातील ‘अपोलो प्रकल्प’ पूर्ण केल्यानंतर तीन बूस्टर, इंजिन, कॉकपिट व निद्राकक्ष असे सहा भाग राजधानीत पोहोचवावे लागतात. ‘स्वातंत्र्य’ विचारसरणीतील एका धोरणाने हे भाग सोने देऊन विकतही घेता येतात. तोवर तिजोरी भरून ठेवणे हाच शीघ्र विजयाचा खरा निकष म्हणावा लागेल.

‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) मध्ये ग्रंथालयाआधी विद्यानगरीची (‘कॅम्पस’ या नगरविभागाची) जागा निवडावी लागते. पर्वतालगतची जागा लाभदायक असते.

ग्रामीण विदर्भातील वाचकाला एक गोष्ट खटकेल. पाचव्या आवृत्तीत कापूस ही चैनीची वस्तू असून तिच्यासाठी ‘कॅलेंडर’ ही विद्या लागते. काळ्या मातीतल्या कोरडवाहू कास्तकाराला तिच्यात चैन कोठे आहे ते सांगणे कठीण. तरीही राजधानीजवळ कापूस असल्यास लेखन व तत्त्वज्ञानाची सरळ वाट थोडी सोडून ‘कॅलेंडर’ घेणे सहसा फायद्याचे, कारण एक कापूस जनतेच्या संतोषासाठी ठेवून दुसरा शेजारच्या राज्याला विकता येतो आणि त्या पैशातून ग्रंथालय उभे करता येते.

जुन्या संगणकांवर ‘फ्रीसिव्ह’ हा ‘सिव्हिलायझेशन’च्या धर्तीवरचा मुक्त (विनामूल्य, खुल्या संहितेचा) खेळ चालतो. डेन्मार्कमधील ओऱ्हूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो १९९५-९६ च्या सुमारास सुरू केला. त्यातही अंतराळस्पर्धा आहे. पाचव्या आवृत्तीत एकाच संगणकावर पाळीपाळीने खेळण्याची सोय आहे आणि घरात एकच यंत्र असलेल्या भावंडांना ती उपयोगी पडते. ‘आता तुयी टर्न हाय’ असे म्हणून खुर्ची सोडण्यापूर्वी डाव जतन करण्याची सवय भारनियमनाने लावलेली आहे.