स्नॅपशॉट आहे ना, मग बॅकअप कशाला?

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालवलेलं आभासी मशीन) बसली, की पहिला प्रश्न : बॅकअप आहे का? आणि छातीठोक उत्तर येतं, "आहे ना, मागच्याच महिन्यात स्नॅपशॉट घेतलाय." इथे कपाळावर हात मारायचा.

बॅकअप म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे : डेटाची वेगळी प्रत, वेगळ्या स्टोरेजवर, मूळ मशीन भंगारात गेलं तरी कामाला येणारी. पुढे.

घोळ स्नॅपशॉटचा आहे, म्हणजे व्हीएमला मागच्या एखाद्या क्षणाच्या अवस्थेत परत नेण्याच्या सोयीचा. तो घेतला की त्या क्षणीची अख्खी डिस्क कुठेतरी कॉपी होते, असा समज आहे. अरे, ५०० जीबीच्या व्हीएमचा स्नॅपशॉट काही सेकंदांत उरकतो, तेव्हाच शंका यायला नको? व्हीएमवेअरमध्ये (हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) स्नॅपशॉट घेतल्यावर डिस्कचं काहीच कॉपी होत नाही. मूळ व्हीएमडीके फाइलवर (व्हीएमची डिस्क म्हणजे हीच फाइल) लिहिणं थांबतं आणि सहसा तिच्याच शेजारी, शेवटी '-०००००१' असा आकडा असलेली नवी फाइल उघडते. पुढचे सगळे बदल तिच्यात. वाचताना व्हीएम आधी या नव्या फाइलीत बघते, तिथे नसलेला ब्लॉक (डेटाचा तुकडा) मूळ फाइलीतून उचलते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीत याला चेकपॉइंट म्हणतात आणि फाइल एव्हीएचडीएक्स असते, बाकी कथा तीच.

म्हणजे तुमची 'जुनी अवस्था' मूळ फाइलीतच बसलेली आहे. डेटास्टोअर (या फाइली ठेवलेलं स्टोरेज) गेला किंवा होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर) घुसलेल्या रॅन्समवेअरने व्हीएमडीके फाइली एन्क्रिप्ट केल्या, की ती अवस्थाही गेली. बदलांची फाइल चुकून शाबूत राहिली तरी एकटीचा उपयोग शून्य. रॅन्समवेअर फक्त व्हीएमच्या आत चाललं असेल तर रिव्हर्ट करून (स्नॅपशॉटच्या अवस्थेत परत जाऊन) सुटाल, हे मान्य. पण त्या भरवशावर राहू नका.

गोंधळात भर घालतं ते बॅकअप सॉफ्टवेअर. जॉब सुरू झाला की तेही स्नॅपशॉटच घेतं, स्थिर झालेली मूळ डिस्क वाचून दुसरीकडे नेतं आणि काम झाल्यावर स्नॅपशॉट काढून टाकतं. कन्सोलवर (व्हीएम सांभाळायच्या स्क्रीनवर) लोकांना नेमका तेवढाच भाग दिसतो.

पॅच टाकण्याआधी स्नॅपशॉट जरूर घ्या, त्यासारखी सोय नाही. पण एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअरच सांगते. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण दोन-तीनच्या वर जाऊ नका, हेही. तरी 'अपडेटआधी_डिलीट करू नका' नावाचे स्नॅपशॉट वर्षभर फुगत पडलेले असतात, आणि डेटास्टोअर भरून व्हीएम थांबली की सगळे एकमेकांकडे बघतात.

होस्टच मेला आणि तुम्ही दूर घरी बसला आहात, तेव्हा फरक खरा जाणवतो. बॅकअप असेल तर दुसऱ्या होस्टवर रिस्टोअर लावता येतो. तेच हार्डवेअर अजून धड असेल, तर आयड्रॅक किंवा आयएलओमधून (डेल आणि एचपीच्या सर्व्हरचा लांबून ताबा घ्यायची सोय) रिकव्हरी आयएसओ (बूट करता येणाऱ्या डिस्कची फाइल) जोडून त्यावर बूट करायचं आणि नेटवर्कवरून इमेज ओढायची. नुसता स्नॅपशॉट असेल तर रिव्हर्टचं बटण दाबायला कन्सोलच उघडत नाही.

आणि रिस्टोअर केलेली व्हीएम पॉवर ऑन करण्याआधी तिच्या नेटवर्क कार्डाची 'कनेक्ट' खूण काढा. जुनी मध्येच जिवंत झाली तर एकाच आयपीवर दोन मशिनं भांडत बसतात, आणि लांबून ते भांडण सोडवणं फार त्रासाचं असतं.