श्वास घेऊ नका, सोडा

भाच्याची नागपूरच्या मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत साडेअकराला मुलाखत होती. नऊ वाजता ताईचा वरच्या मजल्यावर फोन आला, "लवकर खाली ये, याला काहीतरी होतंय." खाली गेलो तर पोरगा पलंगाच्या काठावर बसलेला. इस्त्रीचा आकाशी शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो आपल्याच बोटांकडे बघत होता. मनगटं वाकलेली, अंगठे तळहातात वळलेले, बाकीची बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली.

"मामा, बोटं वाकडी होऊन राहिली माही. मी मरतो का काय?"

ताई त्याची पाठ चोळत एकच सांगत होती, "मोठा श्वास घे राजा. आणखी मोठा घे." पोरगा आज्ञाधारक, घेत होता. मिनिटाला तीसेक तरी श्वास चालले असतील. शेजारच्या काकूंनी नजर लागल्याचं निदान करून मीठ-मोहरी-मिरच्या हातात घेतल्या होत्या. मिरच्यांचा ठसका उठला असता तर धापा टाकणाऱ्या पोराचं काय झालं असतं, ते सांगायला शरीरशास्त्र लागत नाही. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं.

करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर ताईच्या कपाटात अजून आहे. तो बोटाला लावला. नाडी १२८, ऑक्सिजन ९९ टक्के.

गुदमरतोय म्हणणाऱ्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन काठोकाठ भरलेला! मग कमी काय पडलंय? कमी पडलाय तो कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण शाळेपासून 'टाकाऊ वायू' म्हणत आलो.

सुरुवात कशी होते ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मेंदूला धोका वाटला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलीन सोडतात, हृदय धावतं, घाम फुटतो, श्वास वाढतो. 'लढा किंवा पळा' ही या प्रतिक्रियेची ओळख वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास रूढ केली. समोर वाघ असेल तर हे सगळं कामाचं आहे, कारण पळताना स्नायू भराभर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो. हिशेब जमतो. पण इथे पोरगा पलंगावर बसलाय. स्नायू स्वस्थ आणि श्वास मात्र पळणाऱ्याचा. वायू तयार होतोय थोडा, बाहेर जातोय भरमसाट.

आता बर्डीच्या बाजारातला गोटी सोडा आठवा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरला की त्यातल्या थोड्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि जिभेला चरचर लागते. बाटली उघडी ठेवली की वायू उडून जातो, सोडा बसतो, आंबटपणाही जातो. आपलं रक्त म्हणजे असाच एक सौम्य सोडा आहे. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याच्या जोरावर रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. उगाच जोरजोरात श्वास घेत बसलं की बाटलीचं झाकण उघडं राहतं. काही मिनिटांत दाब ३० वर, कधी त्याच्याही खाली उतरतो आणि रक्त अल्कलीकडे झुकतं.

यानंतर जे घडतं ते मला शरीरशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या साखळ्यांपैकी एक वाटतं. त्यामुळे थोडा वेळ इथेच थांबणार आहे.

पहिली गोष्ट, मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूवर नजर ठेवून असतात. तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकसतात. दाब एक मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारं रक्त साधारण २ ते ४ टक्क्यांनी घटतं. म्हणजे ४० चा ३० झाला, तर जवळपास पाव हिस्सा कमी. गरगरणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, सगळं दूरवर आणि खोटं वाटणं, 'मी वेडा तर होत नाही ना' ही शंका, हे सगळं इथून येतं.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. डेन्मार्कच्या क्रिस्टियान बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते, आणि कमी झाला की घट्ट. (अणूच्या रचनेसाठी नोबेल मिळवणाऱ्या नील्स बोर यांचे हे वडील.) शहर बससारखं समजा. बस खच्चून भरलीय, पण थांबा आला तरी कंडक्टर दार उघडत नाही. ऑक्सिमीटर बसमधली माणसं मोजतो, उतरलेली नाही. म्हणून आकडा ९९, आणि तरी मेंदू थोडा उपाशी. मोठा श्वास घेऊन बसमध्ये आणखी माणसं कोंबायला जागाच नसते. होतं एवढंच की दार आणखी घट्ट बसतं.

तिसरी गोष्ट बोटांची, आणि ती जरा किचकट आहे. रक्तातलं साधारण निम्मंच कॅल्शियम मोकळं असतं. उरलेलं बहुतेक अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. अल्ब्युमिनवर कॅल्शियम आणि हायड्रोजन आयन एकाच जागेसाठी भांडतात. रक्त अल्कलीकडे झुकलं की हायड्रोजन आयन जागा सोडतात, कॅल्शियम ती बळकावतं आणि मोकळं कॅल्शियम कमी होतं. चेतापेशींच्या बाहेर हेच मोकळं कॅल्शियम पहारेकऱ्यासारखं उभं असतं. पेशीत सोडियम आत सोडणारी दारं वाटेल तेव्हा उघडू नयेत, हे त्याचं काम. पहारा ढिला पडला की चेता आपल्या आपणच पेटू लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग स्नायू आखडतात. भाच्याचे अंगठे तळहातात वळले होते ते यामुळे. लकवा नव्हता, नजर तर नव्हतीच.

आणि गंमत अशी की या मुंग्या, ही गरगर हीच नवी भीती होते. पॅनिक म्हणजे अचानक उसळणाऱ्या प्रचंड भीतीचा झटका. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये त्याची फिरती साखळी मांडली ती अशीच. शरीरात काहीतरी होतं, माणूस त्याचा सगळ्यात भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने आणखी घाबरतो, आणि शरीरात आणखी काहीतरी होतं.

इथे एक गुंता सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की त्रास, हे पाहिलं. पण तो एकदम वाढला तरी पॅनिक येतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडलं की काही जणांच्या मेंदूतला 'गुदमरतोय'चा भोंगा फार हळवा असतो आणि तो उगाचच वाजतो. त्यावरची पुढची गोष्ट २०१३ मधली. मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी जोडलेला भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन जणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला गेला. त्यांच्यातल्या एकीवर तर अनेक वर्षं अभ्यास झाला होता आणि साप-कोळ्यांपुढेही ती घाबरत नव्हती. तिघींनाही पॅनिक आला! म्हणजे आतून उठणाऱ्या भीतीची वाट वेगळी असावी. वाचताना इथे डोकं गरगरलं असेल तर सोडून पुढे जा, मलाही हे दोनदा वाचावं लागलं होतं.

आता पलंगाकडे. मी भाच्याला म्हटलं, "काही होत नाही बे तुले. तोंड मीट, नाकानं थोडीशी हवा घे, आणि सतराचा पाढा म्हण. मोठ्यानं, सावकाश."

पाढाच का? कारण बोलणं हे उच्छ्वासावर चालतं. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस" म्हणताना हवा बराच वेळ बाहेर जात राहते आणि मध्ये छोटासाच श्वास घेता येतो. शिवाय सतराचा पाढा म्हणताना छातीकडे लक्ष द्यायला सवड मिळत नाही. श्वास सोडताना मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस या चेतेचा लगाम हृदयावर जास्त बसतो आणि ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. हे निरोगी माणसातही होतं, आत्ता मनगटावर बोट ठेवून बघा. पाढे नको असतील तर चार मोजेपर्यंत हळू घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. दहा सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला सहा. फुगा फुगवल्यासारखी छाती भरायची नाही. जुनी कागदी पिशवीची युक्ती मात्र घरी करू नये. दुखणं खरोखरच हृदयाचं किंवा दम्याचं निघालं, तर पिशवीत ऑक्सिजन घटतो आणि जिवावर बेतू शकतं.

त्यामुळे छातीत दुखणं, धाप, घाम पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, तर पाढा म्हणत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. पॅनिक हे निदान ईसीजीनंतर डॉक्टरांनी करायचं असतं, मामाने नाही. मी त्या दिवशी ते केलं, कारण आदल्या वर्षी हेच झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी सगळं तपासून दिलं होतं.

मुलाखतीच्या बाजारात दुसरा अंगाराही विकला जातो. आरशासमोर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून विजेत्यासारखं उभं राहा, संप्रेरकं बदलतात, असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतायत. तो दावा २०१० च्या एका शोधनिबंधातला. २०१५ मध्ये जास्त माणसांवर प्रयोग झाला तेव्हा संप्रेरकांवरचा परिणाम सापडला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच त्यावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. मित्राने दिलेली धडधड थांबवायची गोळी हा प्रकार तर त्याहून वाईट. अशा गोळीतलं प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला धोक्याचं असतं. रिकाम्या पोटी तीन कप चहा मारून निघणं हेही तसलंच, कॅफीन काहींच्या बाबतीत थेट काडी लावतं. ताईच्या दही-साखरेला माझा विरोध नाही. पोटात काहीतरी जातं.

असे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, किंवा झटका येईल या भीतीने माणूस मुलाखतीच टाळू लागला असेल, तर तिथे पाढे पुरत नाहीत. वर्तनोपचाराचा चांगला उपयोग होतो. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. मनोरुग्णालयाच्या नावाला आपल्याकडे लोक बिचकतात, पण त्यासाठी तिथे भरती व्हावं लागत नाही.

सतरा दाहे होईपर्यंत अंगठे सुटले नव्हते. एकोणीसच्या पाढ्यात तो एकोणीस साते पाशी अडखळला, स्वतःशीच हसला, आणि तेवढ्यात डावा अंगठा हळूच बाहेर आला. नाडी ९६. ऑक्सिजन ९७. ताईला वाटलं, आकडा उतरला म्हणजे बिघडलं. तिला बसची गोष्ट सांगत बसलो, तोवर पोराने शर्ट बदलला आणि मेट्रो पकडायला निघालासुद्धा. कंपनीने 'कळवतो' म्हटलंय, अजून कळवलेलं नाही.