तिसरा पेपर शेवटाला ठेवू नका: डी.फार्म. एक्झिट परीक्षेच्या चौकशीला येणाऱ्यांसाठी

डी.फार्म. म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झाल्यावर फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन मिळायला जी एक्झिट परीक्षा पास व्हावी लागते, तिची तयारी आम्ही करून घेतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, फक्त फार्माकॉलॉजीची बॅच आहे का? बाकीचं मी घरी करतो." नाही, फक्त त्या एका विषयाची (औषधं शरीरात काय करतात, त्याची) बॅच नाही. का नाही, हे प्रत्येकाला समजावण्यात अर्धा-अर्धा तास जातो आणि वर्गातली मुलं खोळंबून बसतात. म्हणून हा कागद छापला.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्ये काढले आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तीन पेपर, प्रत्येकी तीन तास, सगळे बहुपर्यायी प्रश्न आणि इंग्रजीतूनच. मुलं वाचत नाहीत ती पुढची ओळ. तिन्ही पेपरांत वेगवेगळे किमान ५० टक्के हवेत, आणि तेही एकाच प्रयत्नात. पहिल्यात ८० आणि तिसऱ्यात ४६ मिळाले तर सरासरी कोणी काढत बसत नाही. पुढच्या वेळी तिन्ही पेपर पुन्हा द्यायचे. प्रयत्न कितीही करता येतात, हा दिलासा आहे, पण तोवर स्टेट कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लटकतं आणि ज्या मेडिकलमध्ये नोकरी ठरलेली असते तो मालक थांबत नाही.

तिसऱ्या पेपरात दोनच विषय आहेत: फार्मास्युटिकल ज्युरिसप्रुडन्स (औषधांचे कायदे) आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंट (औषध दुकान चालवणं). गंमत अशी की ही जुन्या अभ्यासक्रमातली नावं आहेत. तुमच्या पुस्तकांवर 'फार्मसी लॉ अँड एथिक्स' आणि 'कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट' असं लिहिलेलं असतं. "स्टोअर मॅनेजमेंट आम्हाला नव्हतंच" असं सांगत येणारी मुलं दर बॅचला भेटतात. होतं. कम्युनिटी फार्मसीच्या पुस्तकाचे शेवटचे धडे उघडा.

हा पेपर सोपा वाटतो, कारण कॉलेजात कायद्याचं उत्तर चार पानं लिहिलं की मार्क पडायचे. इथे चार पर्याय समोर असतात आणि चारही बरोबरच वाटतात. शेड्यूल म्हणजे कायद्यातली औषधांची यादी. शेड्यूल एच-१ च्या (काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी) औषधांचं वेगळं रजिस्टर किती वर्षं जपायचं? तीन. शेड्यूल एक्सच्या (आणखी कडक नियंत्रणातल्या औषधांच्या) प्रिस्क्रिप्शनची प्रत किती वर्षं? दोन. निम्मा वर्ग हे उलटं सांगतो. किरकोळ दुकानाला किमान जागा किती? १० चौरस मीटर. त्याच दुकानातून होलसेलही करायचं असेल तर १५. शेड्यूल एक्सची औषधं विकायची तर लायसन्सचे फॉर्म २० आणि २१ पुरत नाहीत, २० एफ लागतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली काय येतं, त्याच्या १९४५ च्या नियमांत काय आहे, १९४८ चा फार्मसी ॲक्ट कुठे लागतो आणि १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) कुठे, हे घोकून डोक्यात बसत नाही. त्यासाठी दुकान डोळ्यांसमोर उभं करावं लागतं.

मी स्वतः बरीच वर्षं काउंटरवर काढली आहेत. म्हणून आमच्याकडे कायदा शिकवताना फळ्यावर कलमं लिहीत नाही, टेबलावर रिकाम्या स्ट्रिपा आणि खोके पसरतो. लाल चौकटीतली सूचना आणि आरएक्स असलेला (एच-१ चा) कुठला, एनआरएक्स (एनडीपीएसखालचा) कुठला, एक्सआरएक्स (शेड्यूल एक्सचा) कुठला, हे मुलांनी हातात घेऊन वेगळं करायचं. त्यानंतर कोरं एच-१ रजिस्टर समोर ठेवतो: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. दहा नोंदी स्वतःच्या हाताने केल्या की "रजिस्टरमध्ये यांपैकी काय लिहीत नाहीत?" या प्रश्नाला अडखळायला होत नाही. काही पालकांना हा पोरखेळ वाटतो आणि ते "नोट्स कधी देणार?" असं विचारतात. नोट्स देतो, पण रजिस्टर भरून झाल्यावर.

स्टोअर मॅनेजमेंटमध्ये एबीसी (किमतीनुसार मालाची वर्गवारी), व्हीईडी (औषध किती गरजेचं त्यानुसार वर्गवारी), रीऑर्डर लेव्हल (साठा किती उरला की ऑर्डर टाकायची) एवढं पक्कं करा. रोज २० स्ट्रिपा खपतात, माल यायला ५ दिवस लागतात, राखीव साठा ४० ठेवता, तर १४० वर आल्यावर ऑर्डर टाकायची. यात अवघड काही नाही, पण न वाचता सुचतही नाही.

पहिल्या दोन पेपरांचं फार सांगत नाही, ते तुम्ही करताच. पहिल्यात फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी, फार्माकॉग्नोसी (वनस्पतींसारख्या नैसर्गिक स्रोतांतली औषधं). दुसऱ्यात केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, हॉस्पिटल अँड क्लिनिकल फार्मसी. फक्त गणितं टाळू नका. आमच्या सराव पेपरातलं एक उदाहरण: १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. किती मिली द्याल? १८० हा आकडा निघाला की मुलं खूश होतात, आणि पर्यायांत १८० असतोच. पण तो झाला मिलिग्रॅमचा, विचारलेत मिली. उत्तर ३.६. बाटली १२५ ची असती तर ७.२. उद्या काउंटरवर आई हीच बाटली पुढे करून विचारणार आहे, "दादा, किती पाजू?" हा प्रश्न परीक्षेत का असतो, ते तेव्हा कळतं.

"मराठी मीडियमच्या मुलांना जमेल का?" हे विचारायला लाजू नका. जमतं. अडतं ते 'नॉट' (नाही) आणि 'एक्सेप्ट' (सोडून) या दोन शब्दांशी. ते पेन्सिलने गोल करायची सवय आम्ही पहिल्या आठवड्यातच लावतो. पुढे स्क्रीनवर पेन्सिल चालत नाही, पण नजरेला वळण लागलेलं असतं.

तर आमची पद्धत अशी: बॅच तिन्ही पेपरांची एकत्रच, सुरुवात तिसऱ्यापासून, आणि दर रविवारी वेळ लावून सराव पेपर. फी थोडी जास्त वाटेल. पण रविवारचे पेपर तपासून प्रत्येकाला चुका समोर बसवून दाखवतो, त्यात आमचा सोमवार जातो. गेसपेपर आमच्याकडे नाही, कृपया मागू नका. एखादा रविवार फुकट बसून बघायचा असेल तर खुशाल या.

येताना दुसऱ्या वर्षाची कायद्याची वही घेऊन या. अर्धी कोरी असली तरी चालेल, बहुतेकांची तशीच असते. परीक्षेच्या तारखा आणि फॉर्मची मुदत मात्र अधिकृत सूचनेतच बघा. त्यासाठी आम्हाला रात्री दहानंतर फोन करू नये.