अकोल्याची शिवारफेरी: हॉलमधलं संशोधन वावरात कसं आलं

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरी, म्हणजे शेतकऱ्यांना विद्यापीठाच्या शेतातली पिकं दाखवायचा कार्यक्रम, असली की वऱ्हाडातल्या गावागावांतून गाड्या निघतात. व्यासपीठावर शाल-श्रीफळ, पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञांचा सत्कार आणि लांबलेली भाषणं होतात. खरा कार्यक्रम त्यानंतर, प्रक्षेत्रावर. वाणाच्या नावाची पाटी, शेजारी उभं पीक आणि बाजूला ते वाण काढणारा प्राध्यापक.

हे विद्यापीठ विदर्भाला सहज मिळालेलं नाही. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली हा अमेरिकेतला नमुना, भारतात तो 1960 मध्ये पंतनगरला आला. महाराष्ट्राचं पहिलं कृषी विद्यापीठ 1968 साली स्थापन झालं, तेच पुढे राहुरीला गेलं. त्याआधीच, 1967 मध्ये, ते अकोल्याला व्हावं म्हणून विदर्भात आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याचं विद्यापीठ सुरू झालं. नाव मिळालं पापळच्या पंजाबरावांचं, जे 1952 ते 1962 देशाचे कृषिमंत्री होते. इथला शेतकरी शास्त्रज्ञाला हक्कानं प्रश्न विचारतो, त्याचं मूळ मला तरी या लढ्यात दिसतं.

शास्त्रज्ञांची आपसातली मोठी बैठक वेगळी: कृषी संशोधन आणि विकास समितीची, म्हणजे संयुक्त अ‍ॅग्रेस्को. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही विद्यापीठं वर्षातून एकदा जमतात. वाण, अवजारं, शिफारशी मांडल्या जातात आणि आकडे कच्चे असले तर तिथंच अडवले जातात. जे टिकतं तेच शेतकऱ्यापर्यंत जातं. जाकी 9218 हरभरा, पीकेव्ही हायब्रीड-2 कपाशी, पीकेव्ही मिनी दालमिल ही गावात रुळलेली नावं विद्यापीठाच्याच कामातून आलेली.

पण बैठकीतले आकडे सांभाळलेल्या प्लॉटवरचे असतात. शेतकरी बोंडं मोजतो, ओंब्या चोळतो आणि सरळ विचारतो, "यवढं पिकते, त मंग आमच्या वावरात काहून नाही?" उत्तर द्यायला जमीन, पाऊस आणि पेरणीची तारीख काढावी लागते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला माणूस समोर असेल तर गोड पाण्याच्या प्लॉटचा दाखला चालतच नाही.

2002 नंतर बोंडअळीला तोंड देणारी बीटी कपाशी आली, बियाणं खासगी कंपन्यांच्या पाकिटात गेलं, आणि विद्यापीठाचं कपाशीचं वाण विचारणारे कमी झाले. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटीचंही बोंड पोखरलं. मग पुन्हा शास्त्रज्ञांकडेच धाव: नर पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे कधी लावायचे, फवारणी कोणत्या अवस्थेत, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पुढच्या बोंडांसाठी उभी ठेवलेली कपाशी, ठेवायची की नाही. फरदड ठेवू नका, असं प्राध्यापक सांगतात. दिवाळीनंतर हातात पैसा नसलेला शेतकरी मान डोलावतो, आणि तरीही ठेवतो.