जीवाणुरोधी हायड्रोजेल पटल

जखमेवर किंवा हाडाच्या पोकळीवर ऊतकांच्या पुनर्जननासाठी बसवायचे, पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचे) पातळ पटल. जंतूंना रोखणारा घटक त्यात मिसळलेला किंवा बहुवारिकाच्या साखळीलाच बांधलेला असतो. भिजवलेल्या सब्जाच्या, म्हणजे बडोद्याच्या बाजारातल्या तकमरियाच्या, दाण्याभोवती जे बुळबुळीत आवरण फुगते तेही एक हायड्रोजेलच. फरक एवढाच की पटलातल्या साखळ्यांना आडबंध, म्हणजे त्यांना एकमेकींशी जोडणारे दुवे, मुद्दाम घातलेले असतात.

संज्ञेचा उगम : ‘हायड्रोजेल’ हा शब्द प्रथम कोणी वापरला याबद्दल एकमत नाही. पुष्कळ लेख फान बेमेलेन या डच रसायनज्ञाच्या कॉपर ऑक्साइडवरील, १८९४ चा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या निबंधाकडे बोट दाखवतात. परंतु टॉमस ग्रॅहम या रसायनज्ञांनी सिलिसिक अम्लावर लिहिताना, १८६४ च्या सुमारास, हायड्रोसोल (पाण्यातील पातळ कलिल) आणि हायड्रोजेल हे शब्द योजले होते. तेव्हा अग्रमान ग्रॅहम यांनाच देणे अधिक सयुक्तिक दिसते. अर्थात दोघांचेही जेल अकार्बनी होते. शरीरात वापरण्याजोग्या जेलचा आरंभ सामान्यतः व्हिख्टर्ले आणि लिम या रसायनज्ञांच्या १९६० च्या लेखापासून धरतात. ओलसर जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले.

रचना व कार्य : पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण रात्रभर गोठवून सकाळी वितळू दिले आणि हे काही वेळा केले, की साखळ्यांचे बारीक स्फटिक जमून तेच आडबंधाचे काम करतात. आडबंध घालणारे ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन लागत नाही, म्हणून त्याचा विषारी अवशेषही राहत नाही. कायटोसान (कवचांपासून मिळणारे बहुवारिक) मात्र सौम्य ॲसेटिक अम्लात विरघळवावे लागते. त्याच्या अमिनो गटांवरील धनभार जंतूच्या ऋणभारित पृष्ठाला चिकटतो. हा भार पीएच साधारण ६.५ च्या वर गेला की ओसरतो आणि जुनाट जखमा तर बहुधा अल्कधर्मी असतात. म्हणून चांदी, झिंक ऑक्साइड किंवा चतुर्थक अमोनियम गटांची (ज्यांचा धनभार पीएचने बदलत नाही) जोड देतात. चांदीची मात्रा वाढली, तर जंतूंबरोबर तंतुजनक पेशीही (जखम भरणाऱ्या ऊतीच्या पेशी) मरतात. या विषयातली खरी अडचण तीच.

आगरच्या ताटलीत पटलाभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ, म्हणजे निरोधवलय, मोजून निष्कर्ष काढण्याची प्रथा रूढ आहे. साखळीला बांधलेला घटक बाहेर झिरपत नाही, त्यामुळे स्पर्शाने जंतू मारणाऱ्या पटलाभोवतीही वलय दिसत नाही. उलट मोठे वलय म्हणजे घटक झपाट्याने गळून जातो आहे, असाही अर्थ असू शकतो.

दंतवैद्यकात पटलाचे काम वेगळे : हिरडीची वेगाने वाढणारी ऊती आत शिरू न देता हाडाला व दात हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधाला पुन्हा वाढायला वेळ मिळवून देणे. नीमन (Nyman) व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे गाळणकागदासारख्या पटलाने दाखवले. ते जेल नव्हते.

बडोदे : कलाभवन ही तंत्रशिक्षणसंस्था (१८९०), रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर आणि कोटीभास्कर व अमीन यांच्यासह १९०७ मध्ये निघालेला अलेम्बिकचा औषधी कारखाना ही येथील रसायनविद्येची ओळख. ती अर्क-टिंक्चरांची परंपरा आहे. जैवपदार्थांशी तिचे नाते जोडण्याचा मोह टाळलेला बरा. कच्चा माल मात्र गुजरातच्याच किनाऱ्यावर मिळतो : वेरावळकडील कोळंबीची कवचे. त्यांपासून केलेल्या कायटोसानचा रेणुभार व ॲसेटिल गट काढल्याचे प्रमाण प्रत्येक घाण्यात (एका वेळच्या उत्पादनात) थोडे बदलते, त्यामुळे हे दोन आकडे न देणाऱ्या लेखांतील निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.