पर्यावरणाचा खण कुठे गेला?

‘पाणी’ हा मराठी चित्रपट थिएटरात लागला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी. पोस्टरवर राष्ट्रीय पुरस्काराचा उल्लेख बघून अनेकांना वाटलं, पुरस्कार नुकताच मिळाला असेल. तो जाहीर झाला होता ऑगस्ट २०१९ मध्ये, ६६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, ‘पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट’ म्हणून. मराठी चित्रपटाला थिएटर मिळायला पाच वर्षं लागावीत, याचं आपल्याला आता काही वाटेनासं झालंय. पण मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. चित्रपट लागायच्या दहाच दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, ७०वे पुरस्कार दिल्लीत दिले गेले, आणि त्या यादीत हा गटच नव्हता.

गट सुरू झाला १९८९च्या चित्रपटांपासून. संयुक्त राष्ट्रांनी हवामान बदलाच्या अभ्यासासाठी आंतरसरकारी समिती नेमली त्याच्या पुढचंच हे वर्ष, पण दोन्हींचा संबंध जोडण्यात अर्थ नाही. त्या काळी आपल्याकडे पर्यावरण म्हणजे जंगल. पहिला मान ‘बनानी’ या आसामी चित्रपटाला मिळाला. त्यात प्रामाणिक वनाधिकारी होता आणि चोरटी लाकूडतोड करणारे ठेकेदार होते. कोण चांगला, कोण वाईट हे लगेच कळायचं. ‘संवर्धन’ हा शब्द अशा गोष्टीला चपखल बसतो: झाड आहे, ते राखायचं.

हवामान बदलाची गोष्ट तशी नसते. तिच्यात ठेकेदार दिसत नाही. दिसतं ते थकलेलं कर्ज, मोडलेलं लग्न, रिकामं होत चाललेलं गाव. ‘पाणी’तही मूळ अडचण लग्नाची आहे. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार नाही, तेव्हा एक तरुण गावाला पाण्यासाठी उभं करतो. मराठीत याला आपण दुष्काळाचा चित्रपट म्हणतो, हवामान बदलाचा म्हणत नाही. मुळात ‘हवामान’ हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, उद्या पाऊस पडेल का यासाठीही आणि तीस वर्षांच्या सरासरीसाठीही. राज्य सरकारच्या खात्याच्या पाटीवर ‘वातावरणीय बदल’ आहे, वर्तमानपत्रात ‘हवामान बदल’, हिंदीतून आलेलं ‘जलवायू परिवर्तन’ अधूनमधून डोकावतं. शिवारात मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे टँकर, छावणी, ऊसतोड हे शब्द आहेत. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हाही ती बातमी दुष्काळाचीच होती.

ही ओढाताण परीक्षकांच्या टेबलावरही दिसली होती. ६४व्या पुरस्कारांत ‘कडवी हवा’ होता. त्यात एकीकडे बुंदेलखंडातलं कोरडं गाव आणि दुसरीकडे ओडिशाच्या किनाऱ्यावरून आलेला, समुद्राला सगळं गमावून बसण्याच्या भीतीत जगणारा वसुली अधिकारी. हवामान बदल इतका थेट मांडणारे चित्रपट आपल्याकडे फार नाहीत. त्याला विशेष उल्लेख मिळाला. पर्यावरणाचा पुरस्कार गेला लोकटाक सरोवरावरच्या मणिपुरी चित्रपटाकडे. तोही त्याला लायकच होता. पण गटाची चौकट कुठल्या बाजूला झुकलेली होती, ते यातून कळतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले. राष्ट्रीय एकात्मता, सामाजिक विषय आणि पर्यावरण संवर्धन हे तीन स्वतंत्र पुरस्कार एकत्र करून ‘राष्ट्रीय, सामाजिक आणि पर्यावरणीय मूल्यांना चालना देणारा सर्वोत्कृष्ट चित्रपट’ असा एकच गट झाला. गदारोळ उठला तो वेगळ्याच कारणाने: दोन पुरस्कारांना जोडलेली एका माजी पंतप्रधानांची आणि एका अभिनेत्रीची नावं गळली होती. चर्चा नावांवर झाली, रोख रक्कम वाढली (सुवर्णकमळ तीन लाख, रजतकमळ दोन लाख), आणि पर्यावरणाचा खण गुपचूप बंद झाला.

बदलाच्या बाजूनेही बोलता येतं. कर्ज, स्थलांतर, लग्न यांतून हवामान सांगणाऱ्या चित्रपटाला ‘पर्यावरण’ अशी वेगळी चिठ्ठी का लावायची? तो सामाजिक आहेच की. मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. अडचण ‘मूल्ये’ या शब्दाची आहे. संवर्धन म्हटलं की काय राखायचं ते सांगावं लागतं: तळं, जंगल, ओढा. मूल्यांना तशी काही अट नाही. शिवाय तीन शब्दांतला कुठला तोलायचा हे परीक्षकांवर, आणि ‘राष्ट्रीय’ पहिला लिहिलेला आहे.

निकाल पाहा. एकत्र झालेल्या गटाचा पहिला पुरस्कार ‘कच्छ एक्सप्रेस’ला गेला. ही गुजराती कौटुंबिक गोष्ट, एका गृहिणीच्या स्वाभिमानाची. दुसरा, १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झालेला, ‘सॅम बहादूर’ला. फील्ड मार्शलवरच्या त्या चित्रपटाच्या दर्जाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पर्यावरणाला ज्या गटात हलवलं, तिथे दोन वर्षांत पर्यावरणाचा नंबर लागला नाही.

आता २०१९च्या यादीकडे परत जाऊ. त्या वर्षी सामाजिक विषयाचा पुरस्कार ‘पॅडमॅन’ला, राष्ट्रीय एकात्मतेचा ‘ओंदल्ला एरडल्ला’ या कन्नड चित्रपटाला आणि पर्यावरणाचा ‘पाणी’ला मिळाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘भोंगा’ ठरला होता, म्हणजे ती वाटही बंद. आजचा नियम तेव्हा असता तर पहिल्या तिघांपैकी एकालाच व्यासपीठावर बोलावलं असतं.